मुलगी चिलटांची 'स्क्रीन' करते म्हणजे नेमकं काय करते?

सीवूड्सची_आई | मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज सकाळी सातच्या आत सीवूड्सला गाडी पकडते, रविवारीसुद्धा. संध्याकाळी येते तेव्हा ओढणीला यीस्टचा आंबूस वास असतो. विषय विचारला तर म्हणते, "मज्जासंस्था घडवणारी जनुकं शोधायला फळमाश्यांची जेनेटिक स्क्रीन." मी बी.कॉम., बँकेत नोकरी केली. त्यातला 'शोधायला' एवढाच शब्द मला कळतो.

गेल्या रविवारी ठाण्याला दिरांकडे साखरपुडा होता. तिथे एकांनी विचारलं, "स्क्रीनिंग तर गरोदर बायकांचं करतात ना, माश्यांचं कशाला?" एक मावशी म्हणाल्या, "चार वर्षं चिलटंच मोजणार का पोर?" मुलगी काही बोलली नाही. रात्री घरी आल्यावर मात्र म्हणाली, "आई, मला त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं नाही." तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला तिचं काम समजून घ्यायचंय, अगदी मुळापासून. कुणी सांगेल का?

---

कोपरीकर | मंगळवार, रात्री ११.१५

ताई, माझं शिक्षण वेगळं, पण एक शंका आहे. आमची देवगडला आंब्याची कलमं आहेत. फळमाशी म्हणजे पिकत्या आंब्यात अंडी घालते ती, जिच्या अळ्यांनी फळ आतून सडतं. तिच्यासाठी आम्ही झाडाला गंधसापळे टांगतो. ती चांगली घरमाशीएवढी असते. चिलटं म्हणजे केळ्यांवर घोंगावतात ती बारीक. मग लेक नक्की कशावर काम करते?

---

खारफुटी | बुधवार, सकाळी ६.०५

कोपरीकर, शंका अगदी रास्त आहे. आंब्यातली ती बॅक्ट्रोसेरा, तिचं कूळच वेगळं. प्रयोगशाळेतली ती ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे आपलं चिलटच, जेमतेम तीन मिलिमीटरचं. दोघींनाही पुस्तकात 'फळमाशी' म्हणतात म्हणून घोटाळा होतो. मी या धाग्यावर चिलटच म्हणेन.

ताई, मी अकरा वर्षं चिलटांच्या लॅबमध्ये काढली. आता ऐरोलीत राहते, कॉलेजात शिकवते. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी त्या 'स्क्रीनिंग'चं बघू. गरोदरपणातल्या तपासणीत कोणता दोष शोधायचा हे आधीच ठाऊक असतं, तो या बाळात आहे का एवढंच बघतात. तुमच्या लेकीचं काम याच्या नेमकं उलटं आहे. कोणत्या जनुकामुळे मज्जातंतू योग्य जागी पोचतो, हे तिला माहीत नाही आणि ती अंदाजही बांधत नाही. ती हजारो चिलटांमध्ये कुठेही, कसेही बिघाड घडवते. मग एकेका घराण्याच्या भ्रूणांतली मज्जासंस्था रंगवून बघते, की कुठे काही चुकलंय का. जिथे चुकलं, तिथून मागे जात जनुकापर्यंत पोचते. आपण डोक्याने जे जनुक कधीच निवडलं नसतं ते चिलट स्वतःहून दाखवतं. मला या पद्धतीचं अजूनही अप्रूप वाटतं ते यासाठीच.

बिघाड कसा घडवतात? नर चिलटांना रात्रभर साखरपाणी देतात, त्यात ईएमएस नावाचं रसायन असतं. ही पद्धत लुईस आणि बाखर यांनी १९६८ साली दिली. ईएमएस डीएनएतलं एखादं अक्षर बदलतं, आणि प्रत्येक शुक्राणूत वेगळ्या ठिकाणी. त्यामुळे त्या नरांच्या प्रत्येक पोरात निराळा बिघाड. अशा एकेका पोरापासून एकेक घराणं वाढवायचं आणि त्याला नंबर द्यायचा. ताई, तिच्या वहीत नुसते आकडे दिसत असतील ना? ते या घराण्यांचे नंबर.

आता खरी गोम. महत्त्वाचं जनुक बिघडलं आणि त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर बहुतेक वेळा ते भ्रूण मोठं होण्याआधीच मरतं. मग ते घराणं टिकवायचं कसं? बिघडलेल्या गुणसूत्राच्या जोडीला 'बॅलन्सर' नावाचं गुणसूत्र ठेवतात. ते बिघडलेल्या गुणसूत्राशी तुकड्यांची अदलाबदल होऊ देत नाही, आणि अंगावर खूणही सोडते. दोन नंबरच्या गुणसूत्रासाठीच्या बॅलन्सरची खूण म्हणजे वर वळलेले पंख, आम्ही त्याला कर्ली म्हणतो. दोन्ही बॅलन्सर असलेली पोरं मरतात. दोन्ही बिघडलेली असली आणि बिघाड जीवघेणा असला, तर तीही मरतात. उरतात एक-एक असलेली. म्हणून बाटलीत एकही सरळ पंखांचं चिलट दिसलं नाही, सगळे पंख वळलेले दिसले, की समजायचं, इथे जीवघेणा बिघाड आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पॅडवर कार्बन डायॉक्साइडने झोपवलेली चिलटं बारीक ब्रशने डावी-उजवीकडे सारत ती हेच बघत असणार.

आणि सकाळची सातची गाडी! कोशातून बाहेर पडलेली मादी २५ अंशांना पहिले आठ तास तरी नराला जवळ येऊ देत नाही. संकरासाठी अशाच माद्या लागतात. त्या ओळखू येतात. अंग फिकट, आणि पोटाच्या कातडीतून एक काळपट हिरवा ठिपका आरपार दिसतो. रात्रभरात निघालेल्या माद्या सकाळी वेळेत वेचल्या नाहीत, तर सगळी मेहनत वाया. चिलटांना रविवार नसतो, ताई.

---

घोडबंदर_रोड | बुधवार, सकाळी ९.२०

उत्तम माहिती. तरीही मनापासून विचारतो, राग मानू नका. सरकारचा पैसा, हुशार मुलांची वर्षं, हे सगळं चिलटांत का घालायचं? माणसाच्या आजारांवर थेट काम का होऊ नये?

---

खारफुटी | बुधवार, दुपारी १.३०

राग कसला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माणसात हा प्रयोग करताच येत नाही, करूही नये. चिलटाची एक पिढी २५ अंशांना दहा दिवसांत होते. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. जनुकं साधारण चौदा हजार. आणि माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं, म्हणजे मिळतीजुळती जनुकं, चिलटात सापडतात.

याचा मोठा दाखला हायडेलबर्गचा. ख्रिस्तियाने न्युस्लाइन-फोल्हार्ट आणि एरिक वीशाउस यांनी तिथल्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीत हजारो घराणी तपासली. दोघांना एकाच वेळी एकच भ्रूण बघता यावं म्हणून समोरासमोर बसायचा दुहेरी सूक्ष्मदर्शक होता त्यांच्याकडे. १९८० साली 'नेचर'मध्ये त्यांचा लेख आला. शरीराचे खंड कसे पडतात ते ठरवणारी पंधरा जनुकं त्यात होती. १९९५ साली एडवर्ड लुईस यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्या पंधरांतलं एक हेजहॉग. त्याचंच एक भावंड माणसात बिघडलं, तर बाळाचा पुढचा मेंदू दोन भागांत नीट विभागत नाही. हे त्या जनुकाबाबत १९९६ साली कळलं. १९८० साली त्या दोघांसमोर फक्त मेलेल्या अळ्यांची कातडी होती.

पण कातडी बघून आतले मज्जातंतू कळत नाहीत, म्हणून वेगळी स्क्रीन लागली. बर्कलीला कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक घराण्याची भ्रूणं प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) रंगवून मज्जारज्जू बघितला. १९९३ साली सीगर, टिअर आणि सहकाऱ्यांनी ते छापलं. ताईंच्या लेकीचं काम याच वाटेवरचं दिसतंय.

तो मज्जारज्जू कसा दिसतो ते सांगते. अर्ध्या मिलिमीटरच्या भ्रूणात तपकिरी रंगाची एक शिडी. दोन उभे दांडे, आणि प्रत्येक खंडात दोन आडव्या पायऱ्या. बरेचसे तंतू मधली रेघ एकदा ओलांडून पलीकडे जातात आणि परत कधीच फिरत नाहीत. काही तंतू ओलांडतच नाहीत.

ठाणे स्टेशनचे पादचारी पूल डोळ्यांसमोर आणा. दोन बाजूंचे फलाट म्हणजे उभे दांडे, पूल म्हणजे पायऱ्या. त्या स्क्रीनमध्ये एक घराणं असं निघालं, की सगळे पूलच गायब, दोनच समांतर दांडे. त्या जनुकाला नाव दिलं कॉमिशरलेस, घरगुती नाव कॉम. दुसऱ्या घराण्यात पूल भलतेच जाड आणि दांडे बारीक. तिथे प्रवासी पलीकडे उतरतात, पुन्हा जिना चढतात, पुन्हा अलीकडे येतात, गोल गोल फिरत राहतात. त्या जनुकाचं नाव राउंडअबाउट, म्हणजे रोबो.

कारण नंतर उलगडलं. मधल्या रेघेवरच्या पेशी स्लिट नावाचं प्रथिन सोडतात, ते तंतूला दूर लोटतं. ते जाणवायचं नाक म्हणजे रोबो. ओलांडायच्या आधी कॉम हे प्रथिन रोबोला तंतूच्या टोकावर येऊच देत नाही. पलीकडे गेल्यावर कॉम बाजूला होतं, रोबो वर येतो, आणि मागचा जिना बंद. स्लिट आणि रोबोची ही जोडी १९९९ साली पक्की झाली.

---

शून्यसावली | बुधवार, दुपारी ३.१०

फार सुंदर. मी न्युरॉलॉजीत काम करते, म्हणून भर घालते. रोबोच्याच कुळातलं माणसातलं जनुक रोबो३. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मूल डोळे डावी-उजवीकडे फिरवू शकत नाही, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकत जातो. २००४ साली हे जनुक सापडलं. अशा मुलांत मेंदूच्या तळाशी तंतू बाजूच ओलांडत नाहीत.

पण खारफुटी, एक खटकतं. चिलटात रोबो गेला की तंतू जास्त ओलांडतात. माणसात रोबो३ गेला की ओलांडतच नाहीत. हे उलट कसं?

---

खारफुटी | बुधवार, रात्री ९.५०

हा प्रश्न वाचून दिवस सार्थकी लागला. सस्तन प्राण्यांत दूर लोटण्याचं काम रोबो१ आणि रोबो२ करतात. रोबो३ मात्र ओलांडण्याआधीच्या टप्प्यात त्या दोघांना दाबून धरतो. म्हणजे नातं रोबोचं, काम बरंचसं कॉमसारखं. म्हणूनच तो गेला की पूलच बांधले जात नाहीत. उंदरावरच्या प्रयोगांत तेही २००४ साली दिसलं.

---

दिवाळेकर | गुरुवार, सकाळी ७.४५

आम्ही दिवाळे कोळीवाड्यातले, वडील अजून खाडीत जातात. मला एक सांगा, सगळी जनुकं सापडली हे कळतं कसं? दहा हजार घराणी बघितली आणि अकरा हजाराव्यात नवीन काही असलं तर?

---

खारफुटी | गुरुवार, दुपारी १२.२५

दादा, तुमच्या वडिलांना हे आधीच माहीत असेल. नव्या जागी पहिल्या काही फेऱ्यांत दर वेळी वेगळी जात जाळ्यात येते. मग बोय, निवटी, चिंबोरी, तेच तेच परत यायला लागतं. नवीन जात येणं जवळपास थांबलं, की जाळ्यात येण्यासारखं बहुतेक आलं. स्क्रीनमध्ये तसंच. नवा बिघाड जुन्याच जनुकात पडला, एकाच जनुकाचे पाच-सहा वेगळे बिघाड जमले, की चाळणी भरत आली. आणि जाळ्याच्या भोकातून निसटणारी मासळी असते तशी जनुकंही निसटतात. एका जनुकाचं काम दुसरं सांभाळून घेत असेल, तर मोडूनही काही दिसत नाही.

दोन बिघाड एकाच जनुकात आहेत का, हे बघायला त्या दोन घराण्यांचा संकर करतात. बिघाड वेगळ्या जनुकांत असतील, तर पोरांना प्रत्येक जनुकाची एकेक चांगली प्रत मिळते आणि सगळं ठीक दिसतं. एकाच जनुकात असतील, तर पाव हिस्सा पोरांमध्ये तोच दोष पुन्हा दिसतो.

---

पामबीच_सायकल | गुरुवार, रात्री १०.०५

मी एका लॅबमध्ये नऊ वर्षं मदतनीस होतो. चिलटांचं जेवण मी शिजवायचो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार. गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळायचं. थोडं निवलं की बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल, मग नळ्यांत ओतायचं आणि मलमलीखाली गार करायचं. दिवसाला हजारभर नळ्या. मलमल नीट नसली की बाहेरची चिलटं आत अंडी घालतात आणि कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या घराण्यात परकं रक्त शिरतं. म्हणून मी कधी घाई केली नाही.

एक प्रसंग सांगतो. मे महिना, दुपारी वीज गेली, जनरेटर चालू व्हायला पाऊण तास लागला. खोली तापली. एका रॅकमधल्या सगळ्या नळ्यांत चिलटं तळाला उताणी पडलेली. बाजूच्या रॅकमधली मात्र नेहमीसारखी उडत होती. मला वाटलं, मेली, माझ्याच हातून काही झालं. मॅडमना फोन केला, हात थरथरत होते. त्या म्हणाल्या, "टाकू नकोस, गार कर." एसी आला, आणि काही मिनिटांत एकेक पाय हलायला लागला. मग सगळी उठून भिंतीवर चढली. मी नळी हातात धरून किती वेळ बघत राहिलो ते आठवत नाही.

---

खारफुटी | गुरुवार, रात्री १०.४०

दादा, ती शिबिरे नावाच्या घराण्यातली चिलटं. जपानी शब्द आहे, अर्थ बधिर होणं, आपल्या शिबिराशी संबंध नाही. २९ अंशांच्या वर गेलं की काही मिनिटांत लुळी पडतात, गार झालं की उठतात. १९७३ साली ती सापडली. आत बिघडलेलं असतं ते डायनॅमिन. मज्जातंतूच्या टोकाला संदेश सोडून झाला की रिकामी पिशवी आवरणातून खुडून परत आत घ्यायची असते, ते काम त्याचं. उष्णतेत ते थांबतं, पिशव्या संपतात आणि संदेश थांबतो. तुमच्या डोळ्यांसमोर एकच प्रथिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं.

उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या चिलटांवर ओबेद सिद्दिकी यांनी सीमूर बेंझर यांच्यासोबत १९७६ साली लेख लिहिला. सिद्दिकींनी १९६२ साली कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. पुढे तिथेच व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत चिलटांच्या वासाच्या आणि चवीच्या जनुकांचं काम झालं. आपल्या हार्बरच्या टप्प्यातली गोष्ट आहे ही, आणि शाळेत ती कुणी सांगत नाही याची मला खंत आहे.

---

घोडबंदर_रोड | शुक्रवार, रात्री ११.३०

मी तो प्रश्न का विचारला ते आता सांगतो. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, चालायला उशीर, बोलणं नाही. मागच्या वर्षी सगळ्या जनुकांची तपासणी केली. रिपोर्टात एका जनुकात बदल सापडला आणि पुढे लिहिलं होतं, 'अर्थ अनिश्चित'. तो कागद बहिणीच्या हातात ठेवला, समजावणारं कुणी नव्हतं. ती वर्षभर त्या दोन शब्दांशी झगडते आहे. चिलटं यात काही करू शकतात का?

---

शून्यसावली | शनिवार, सकाळी ८.१५

दादा, आधी एक करा. तो रिपोर्ट घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा, आई-वडिलांचीही त्या बदलासाठी तपासणी होऊ शकते का विचारा. बदल आई-बाबांपैकी कुणात असला आणि ते ठणठणीत असले, तर त्याचं वजन अनेकदा कमी होतं. 'अनिश्चित' म्हणजे दोष ठरलेला नाही. आणि काही वर्षांनी तोच रिपोर्ट पुन्हा तपासून मागता येतो, कारण दरम्यान माहिती वाढलेली असते.

ती माहिती ज्या वाटांनी वाढते त्यातली एक चिलटांची आहे. अमेरिकेतल्या अनडायग्नोज्ड डिसीजेस नेटवर्कमध्ये असंच करतात. चिलटातलं जनुक काढून त्या जागी माणसाचं घालतात, एकदा चांगलं, एकदा बदललेलं. चांगल्याने चिलट सावरलं आणि बदललेल्याने नाही, तर त्या बदलाला अर्थ मिळतो. पण त्या जनुकाचं चिलटात काम काय, हे आधी कुणीतरी शोधलेलं असावं लागतं.

---

घोडबंदर_रोड | शनिवार, सकाळी ८.५०

बहिणीला हे वाचून दाखवलं. सोमवारी वेळ घेतोय. ताई, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा.

---

सीवूड्सची_आई | रविवार, रात्री ९.३०

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी तिला म्हटलं, मला घेऊन चल. आज रविवार, लॅब रिकामी होती. तिने पॅडवर चिलटं ओतली, मला ब्रश दिला आणि वळलेले पंख वेगळे करायला सांगितलं. दहा मिनिटांत माझी मान दुखायला लागली. ती हे दिवसाला चार-चार तास करते.

मग तिने काचपट्टी लावली. आधी निरोगी भ्रूण. खारफुटीताई, शिडी दिसली हो! तपकिरी, इतकी रेखीव, की नोटांच्या गड्डीची कड असावी. नंतर ७१२ नंबरचं घराणं. पायऱ्या जाडजूड, एकमेकींना चिकटल्यासारख्या, आणि बाजूचे दांडे अगदी दोऱ्यासारखे. मी न विचारता म्हणाले, "हे तर परत परत पूल चढणारे!" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला कुणी सांगितलं?"

तिने ७१२ आणि रोबोच्या जुन्या घराण्याचा संकर लावलाय. निकाल आठवड्यात.

---

खारफुटी | रविवार, रात्री ९.४५

तिला सांगा, संकराची पोरं १८ अंशांना वाढवू नकोस. थंडीत कर्ली पंख नीट वळत नाहीत. मी एकदा अशा बाटलीला 'सरळ पंख' असं लिहिलं आणि चांगलं घराणं फेकून दिलं. ते नंतर कधीच मिळालं नाही.

---

सीवूड्सची_आई | पुढचा सोमवार, रात्री ८.१०

निकाल आला. पाव हिस्सा भ्रूणांत तोच दोष. म्हणजे ७१२ मधलं जनुक रोबोच निघालं, नवीन नाही. ती थोडी खट्टू होती. मी तिला दिवाळेकरांच्या जाळ्याची गोष्ट सांगितली. डबा उघडा ठेवून ती ऐकत बसली, मग वही काढली आणि मला दाखवली. सात घराण्यांपुढे लाल खूण आहे. त्यातली सहा आता ओळखीच्या जनुकांची ठरली. सातवं ९३८. त्यात पायऱ्या ठीक, दांडे ठीक, पण प्रत्येक खंडात डाव्या बाजूला एक बारीक तंतू अर्ध्यातच थांबतो. तिच्या सरांनाही ते ओळखता आलेलं नाही.

शनिवारी ठाण्याला जाऊबाईंकडे हळदीकुंकू आहे. त्या मावशी येणार आहेत. मुलगी म्हणाली, मोबाइलमध्ये शिडीचा फोटो घेऊन ठेव, पण ९३८ चा नको, तो अजून छापला नाहीये.